मयतीचा भाव

भाव पाडून मागणाऱ्या माणसाचा ज्योत्स्नाबाईंना कधीच राग आला नाही. उलट जो भाव करत नाही तोच त्यांना संशयास्पद वाटायचा. त्यांच्या वडिलांचं इतवारा पेठेत कापडाचं दुकान होतं आणि लहानपण सगळं त्या गादीच्या कडेला बसून गेलेलं. गिऱ्हाईक दोनदा पायरी उतरून परत येतं, तेच खरं घेणारं, हे ज्ञान त्यांना पाढ्यांच्या आधी मिळालं होतं.

बुधवाऱ्यातल्या घराच्या वरच्या दोन खोल्या मुलानं, ऋषिकेशनं, इंदूरहून ॲपवर चढवून दिल्या. "आई, रेट फिक्स है बोलायचं, बस," असं त्यानं बजावलं. बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी खोलीचा रात्रीचा भाव दोनशेनं वाढवून पंधराशे केला. उतरायला जागा नको का? मग काय, रोज मोबाइलवर बाजार भरायला लागला. असीरगड बघायला येणारी कॉलेजची पोरं "स्टुडंट आहोत काकू" म्हणाली की शंभर उतरायचे. डिसेंबरात एकानं "विदाउट एसी कितना?" विचारलं, तर बाईंनी लिहिलं, "भाऊ, थंडीत एसी मीपण लावत नाही. रजईचे पैसे लावू का?" तो हसला आणि पूर्ण भावानं आला.

पण वडिलांच्या दुकानातली एक रीत त्यांच्या हाडात भिनली होती. मयतीच्या कापडाचा भाव करायचा नाही. घेणाऱ्यानं विचारायचं नाही, देणाऱ्यानं नफा लावायचा नाही. कापड फाडून द्यायचं आणि मान खाली घालायची. खोल्यांनाही बाईंनी तोच नियम लावला. कुणी तापीवर अस्थी घेऊन येणार असेल तर निम्मे पैसे, आणि त्यावर एक अक्षर बोलायचं नाही.

त्यामुळे ऐन लग्नसराईत नाशिकच्या ललितचा मेसेज आला तेव्हा बाईंनी घासाघिशीचा विचारसुद्धा केला नाही. मेसेज असा होता: "मदर एक्स्पायर झाल्या. अस्थी विसर्जनाला येतोय. तीन जण, दोन रात्री. काही ॲडजस्ट होईल का?" बाईंनी लगेच लिहिलं, "निम्मे द्या भाऊ. या तुम्ही." तापीच्या राजघाटावरच्या दिगंबर गुरुजींना सकाळी सहाची वेळही त्यांनीच सांगून टाकली. संकल्पाला नाव लागतं म्हणून ललितला आईचं नाव विचारलं. उत्तर बऱ्याच वेळानं आलं. आशाबाई.

पाहुणे यायच्या दिवशी बाईंनी उंबऱ्यावरची रांगोळी पुसली, वरच्या टीव्हीवर चादर टाकली आणि खोलीत दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा दिवा लावला. मग पिठलं-भाकरी करायला घेतली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कडू घास न्यायचा असतो. घर आपलं असलं म्हणून काय झालं, दोन रात्री ते त्यांचंच.

"पाहुणे आहेत की सोयरे?" त्यांचे यजमान अनंतराव म्हणाले. मास्तरकीतून निवृत्त झाले तरी प्रश्न विचारायची सवय गेली नव्हती.

"ज्याची आई गेली त्याला काय विचारू, नाश्त्याला पोहे का पराठे?"

ऊन कलल्यावर गाडी आली. गल्लीत शिरेना, म्हणून ललित ती चौकाकडे लावायला गेला आणि दोघी बायका पुढे चालत आल्या. एक त्याची बायको वैशाली. तिचे हात कोपरापर्यंत मेंदीनं रंगलेले. बाईंच्या कपाळाला आठी पडली, पण शहरात हल्ली सुतक पाळतं कोण, असं म्हणून त्यांनी ती गिळली. मागून सत्तरीकडे झुकलेली एक बाई आली. जांभळं लुगडं, हातात कापडी पिशवी, चेहरा मात्र अगदी मायाळू. मावशी असणार. बाईंचा जीव भरून आला. त्यांनी पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले.

"धीर धरा मावशी. बहीण गेली म्हणजे अर्धं अंगच गेलं."

म्हातारी गोंधळली. "कोन गेलं वं माय? मले तं बहीनच नाही."

"ललितभाऊंची आई हो. आशाबाई."

"आशाबाई तं मी हाये."

बाईंच्या हातात तिचे हात तसेच राहिले. ते ऊबदार होते, आणि बाईंचे बर्फ झाले होते. जिवंत बाईच्या तोंडावर आपण तिच्या मरणाचं सांत्वन केलं! लिहिलं होतं त्यानं, पण बोललं कोण? वैशाली नुसती उभी होती. तिला यातलं काहीच ठाऊक नसावं, कारण तिचंही तोंड उघडंच होतं.

बाई कशाबशा दोघींना जिन्यानं वर घेऊन गेल्या, तेवढ्यात ललित घाम पुसत आला. आई खोलीच्या दारात उभी राहून त्या दिव्याकडे बघत होती.

"कोनासाठी हाये हा?" तिनं विचारलं.

ललितनं एकदा बाईंकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"आई, तसं काही नाही गं. मेसेजमधे सगळेच काही ना काही लिहितात. वैशालीच्या चुलतभावाचं लग्न इथून जवळ खकनारला, इथले भाव डबल झालेले..."

"नावबी देलं माह्यं?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

"कितीनं कमी झालं?"

"पंधराशे."

म्हातारीनं मान हलवली. रडली नाही, ओरडली नाही. तेच बाईंना सोसवेना. त्यापेक्षा तिनं चारचौघांत त्याच्या थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. अनंतराव पुढे झाले, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, वहिनी."

"आजून वाढून काय करू बाप्पा?" असं म्हणून ती खाली बसली आणि दिव्याशेजारी झाकून ठेवलेलं पिठलं-भाकरीचं ताट तिनं पुढे ओढलं. "माह्या नावचं केलं ना तुम्ही? मंग मीच खाते." ललितनं पाकीट काढून उरलेले पंधराशे बाईंपुढे धरले. बाईंनी हात मागे घेतला. त्या नोटांना बोट लावायचीही त्यांना शिसारी आली.

सकाळी म्हातारी पिशवी घेऊन अंगणात बसलेली होती. मी लग्नाला येत नाही, गावी जाते, एवढंच तिनं सांगितलं. ललितनं पाय धरले, वैशालीनं रडून घेतलं. ती हलली नाही. शेवटी ज्योत्स्नाबाईच तिला रिक्षानं बसस्टँडवर घेऊन गेल्या. रिक्षात बाईंचा रात्रभर कोंडलेला संताप बाहेर पडला. "असा कसा हो मुलगा! पंधराशेसाठी?"

"त्याले नका बोलू," म्हातारी म्हणाली. "तो आठ वर्साचा होता तवर एस्टीत मी त्याले चारचा सांगे. कंडक्टर आला का मी त्याले मांडीवर घेऊ, पाय लुगड्यात झाकू. मुकाट्यानं लहान होऊन बसे बिचारा." तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "मी त्याचं वय कमी केलं. त्यानं माह्यं संपवलं."

इतवाऱ्याच्या गादीवर शिकलेलं सगळं त्यांच्या तोंडाशी येऊन अडकलं होतं.

भुसावळची एसटी लागलेली होती. म्हातारी खिडकीशी बसली, बाई खाली उभ्या राहिल्या. कंडक्टर आला. "आजी, आधार कार्ड दाखवा. राज्याची हद्द ओलांडली की पुढे तुम्हाला अर्धं तिकीट."

"पूरं फाड बाप्पा."

"अहो, सवलत आहे ना तुम्हाला."

"नको," म्हातारी म्हणाली आणि पदराची गाठ सोडायला लागली. "पूरंच फाड."