पाच नंबरची हजेरी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सेडुनाच्या कॅरव्हान पार्कात एखाद्या बाईने गाडीचा डॅशबोर्ड उघडला की दहा मिनिटांत तिथे चार पुरुष उगवतात. कोणी बोलावलेलं नसतं. हातात फोमच्या टोपड्यातला बिअरचा कॅन, पायात रबरी चपला आणि तोंडात सल्ला.

ग्लेनिस ट्रेझीज आपल्या मोटारहोमच्या ड्रायव्हर सीटपुढे उताणी पडून, डोकं आत घालून काम करत होती. बाहेर दिसत होते फक्त तिचे दोन पाय. त्या पायांशीच मंडळींची सभा भरली.

"फ्यूज गेला असणार."

"फ्यूज नाही रे, अर्थिंग. शंभर टक्के अर्थिंग."

"अर्थिंग कसलं डोंबलाचं! अँटेना बघा आधी. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत हुबेहूब हेच झालं होतं."

मेव्हण्याच्या गाडीत हुबेहूब हेच नेहमी झालेलं असतं. या देशात मेव्हणे नसते तर अर्ध्या गाड्या दुरुस्तच झाल्या नसत्या.

ग्लेनिसने डोकं बाहेर काढलं. "तु... त्... त्..."

"तार?" पहिला म्हणाला.

"तेल?" दुसरा.

"ताण घेऊ नकोस, पोरी," तिसरा म्हणाला. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान होता.

तिला म्हणायचं होतं, तुम्ही माझ्या उजेडात उभे आहात. पण वाक्याची इतकी गिऱ्हाइकं झाल्यावर ते पुरं करायची मजाच गेली. ती परत आत गेली.

हे असं सदुसष्ट वर्षं चाललं होतं. ग्लेनिस अडखळत बोलायची, आणि तिने पहिलं अक्षर काढलं की आजूबाजूचं सगळं जग उरलेलं वाक्य शोधायला धावायचं. मूंटाच्या शाळेत मास्तर शोधायचे. बँकेत काउंटरवरची मुलगी शोधायची. फोन असला की धाकटी बहीण मर्ल तो हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, "ग्लेनिस ट्रेझीजच्या वतीने बोलतेय हं." ट्रेझीज हे आडनाव तर तिच्या तोंडी फारच चिवट होतं, ओल्या लाकडात रुतलेल्या खिळ्यासारखं. स्वतःचं नाव तिने आयुष्यात किती वेळा पुरतं उच्चारलं असेल? दोन हातांच्या बोटांवर मोजावं इतकंच. लग्न केलं नाही. विचारायला दोघेजण आले होते, पण दोघांनीही तिचं उत्तर तिच्याआधीच देऊन टाकलं. दोघांनी 'हो' दिलं होतं. तिला 'नाही' म्हणायचं होतं.

सभेतल्या एकालाही एक गोष्ट माहीत नव्हती, कारण एकानेही विचारलं नव्हतं. अॅडलेडच्या उत्तरेला मोटारींचा कारखाना होता तेव्हा ग्लेनिसने तिथे एकतीस वर्षं तारांचे जुडगे बांधले होते. उभ्या फळीवर खिळे मारलेले, त्या खिळ्यांमधून एकेक तार फिरवायची, टोकं दाबायची, पट्टी गुंडाळायची, की एका मोटारीच्या सगळ्या नसा तयार. दिवसाला चाळीस मोटारी. तिथे बोलावं लागायचं नाही. फोरमन म्हणायचा, "ग्लेनच्या जुडग्याला तपासणी नको." कारखाना बंद झाला त्या दिवशी सगळ्यांनी भाषणं केली, ती सोडून.

मोटारहोम तिने चार महिन्यांपूर्वी पोर्ट ऑगस्टाच्या एका म्हाताऱ्याकडून घेतली. गाडी धडधाकट होती. पण म्हाताऱ्याला कुठून तरी लाल तारेचं भलंमोठं रीळ मिळालं होतं, आणि त्याने आयुष्यभर जे काही जोडलं ते त्या एका रिळातून. दिवा लाल, पंखा लाल, पाण्याचा पंप लाल, मागचा कॅमेरा लाल. डॅशबोर्ड उघडल्यावर आत नुसता शेवयांचा लाल ढीग. त्यात त्याचा जुना रेडिओ कधीचा मरून पडला होता.

आणि रेडिओ तर हवाच होता. सात गाड्यांचा तांडा उद्या नलारबोरचं माळरान ओलांडायला निघणार होता. बाराशे किलोमीटर. तांड्याचा म्होरक्या क्लेम हॅगर्टी. निवृत्त हेडमास्तर, शाळा सुटली, पण हेडमास्तर काही सुटला नव्हता. दुपारी त्याने सगळ्यांना बार्बेक्यूच्या शेडमध्ये उभं करून, हात पाठीमागे बांधून, टाचांवर वरखाली होत भाषण ठोकलं होतं.

"मंडळी! नलारबोर म्हणजे सहल नव्हे. उद्या बरोब्बर सात वाजता रेडिओवर हजेरी. चॅनल अठरा. प्रत्येक ड्रायव्हरने आपला नंबर, आपलं नाव, आणि 'तयार', एवढं स्वतः म्हणायचं. मध्ये कुठेही थांबलो, की निघताना पुन्हा पहिल्यापासून हजेरी. आणि कोणी बोलत असताना मध्ये कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या सेटवर ते 'चॅनल बिझी'चं कुलूप लावून ठेवायचं. काल माझी सूचना तीनदा तोडली गेली. तीनदा!"

मग आवाज मऊ करून तो ग्लेनिसकडे वळला. हेडमास्तरांचा आवाज मऊ झाला की मुलांनी सावध व्हावं.

"ग्लेनिस, तुझं आम्ही समजू शकतो. चार नंबरमधला डेझमंड तुझी गाडी चालवेल, त्याची चालवायला त्याची बायको आहेच. तू आमच्या गाडीत मागे बस, माझ्या बायकोशी पत्ते खेळ."

ग्लेनिसने मान हलवली. नाही.

"मग मी सांगते ना तिची हजेरी!" मर्ल म्हणाली. मर्ल आणि तिचा नवरा सहा नंबरच्या गाडीत होते. "पाच आणि सहा दोन्ही तयार, असं म्हणते."

"ड्रायव्हरने स्वतः," क्लेम म्हणाला. "वाटेत तिच्यापुढे कांगारू आला तर तूच ओरडणार का, मर्ल?"

"बरं, मग क्लिक चालेल की! ट्रकवाले करतात तसं. ग्लेन, तू नुसतं बटण दोनदा दाबायचं. टिक, टिक. म्हणजे 'हो'. बोलायचं कामच नाही. किती छान!"

क्लेमने विचार केल्यासारखा चेहरा केला. "क्लिक चालेल," तो उदारपणे म्हणाला. "तुझ्यासाठी, ग्लेनिस, सूट."

सगळे खूश झाले. कोणी तरी तिच्या खांद्यावर थोपटलं. ग्लेनिसने तो हात खांद्यावरून काढला. ती म्हणाली, "न्... न्..." आणि या वेळी कोणी मदतीला यायच्या आत तिने हात वर केला, वाहतूक पोलिस करतो तसा. सगळे थांबले. "नको. न्... नाव सांगेन."

"आणि नाही जमलं तर?" क्लेमने विचारलं.

तिने डेझमंडकडे बोट दाखवलं. मग तो चालवेल.

असा करार झाला होता, आणि म्हणून ती आता लाल शेवयांत डोकं घालून पडली होती.

सभेचा सल्ला अजून चालूच होता. "अगं, दोन बॅटऱ्या आहेत ना? त्यातल्या एकीवरून घे की बारा व्होल्ट. सरळ हिशोब!"

म्हाताऱ्यानेही तेच केलं होतं. ही गाडी ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली. ट्रक चालतो चोवीस व्होल्टवर, म्हणजे बाराच्या दोन बॅटऱ्या एकापाठी एक जोडलेल्या. रेडिओला हवेत बारा. म्हाताऱ्याने एकाच बॅटरीला चिमटा लावला. त्यामुळे एक बिचारी कायम उपाशी आणि दुसरी खाऊन खाऊन फुगलेली. दोघींचीही वाट लागली होती. ग्लेनिसने दोन्ही बॅटऱ्या सकाळीच बदलल्या होत्या, आणि बाजारातल्या दुकानातून नवा रेडिओ आणि चोवीसचे बारा करणारी हाताएवढी डबी आणली होती. हे सगळं समजावून सांगायला तिला पाऊण तास लागला असता आणि सभेने त्याची चार वेगळीच वाक्यं केली असती. तिने टॉर्च दातांत धरला. तोंडात टॉर्च असला की माणसाकडून कोणी उत्तराची अपेक्षा करत नाही, हा शोध तिने कारखान्यातच लावला होता.

मग तिचे हात सुटले. एकेक लाल तार धरायची, दुसऱ्या टोकाला मीटर लावायचा, बीप झाली की चिकटपट्टीचा तुकडा लावून पेनाने लिहायचं: पंप. पंखा. कॅमेरा. तीन तारा कुठेच जात नव्हत्या. त्या कापून टाकल्या. एक तार सिगरेट लायटरवरून निघून पुन्हा सिगरेट लायटरवरच येत होती. तिच्याकडे बघून ग्लेनिस मोठ्याने हसली, आणि सभा गोंधळली.

"काय झालं? शॉक लागला?"

"शॉक लागल्यावर माझा मेव्हणा पण असाच हसला होता."

रेडिओची तार तिने स्वतंत्र नेली. डबीतून, स्वतःच्या फ्यूजमधून, जिथे पत्रा कापतो तिथे रबराची कडी घालून. अँटेना गाडीपुढच्या लोखंडी बुलबारवर. माइकचा आकडा उजव्या हाताशी. सगळं जुडग्यात बांधून, दर चार बोटांवर पट्टी. शेवटी डेझमंड वाकून आत बघायला लागला. तो आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. त्याने शीळ घातली.

"कुठे शिकलीस हे?"

पहिल्यांदाच कोणी तरी विचारलं होतं. ती म्हणाली, "का... का..." डेझमंडने तोंड उघडलं, मग मिटलं. "...कारखान्यात. एकतीस व्... वर्षं."

"असं," डेझमंड म्हणाला, आणि कॅन तिथेच ठेवून बाकीच्यांना म्हणाला, "चला रे, निघा इथून. बाईच्या उजेडात उभे आहात."

सकाळी सातला सात गाड्या फाटकाशी रांगेत उभ्या. सगळ्यांची इंजिनं चालू. क्लेमची गाडी आणि तिच्यामागे त्याची कॅरव्हान सर्वांत पुढे. नंबर पाच असूनही ग्लेनिसला त्याने प्रवासाच्या सुरुवातीपासून आपल्या लगेच मागे ठेवलं होतं, लक्ष राहावं म्हणून.

"नंबर एक, क्लेम हॅगर्टी, तयार," रेडिओ म्हणाला. आवाज असा स्वच्छ, की क्लेम तिच्या मांडीवर बसलाय असं वाटावं. दोन तयार. तीन तयार. चार तयार.

"नंबर पाच?"

ग्लेनिसने माइक उचलला आणि बटण दाबलं.

"न्... नंबर प्... प्... पाच."

मग 'ग्लेनिस'चा ग आला आणि बसला. हालेना. क्लेमच्या गाडीच्या बाहेर आलेल्या लांब आरशात तिला त्याचा चेहरा दिसला. त्याने माइक तोंडाशी नेला, काही बोलला, माइककडे बघितलं, पुन्हा बोलला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. कुलूप! एकाचं बटण दाबलेलं असेल तोवर बाकी सहाही सेट मुके. क्लेमने स्वतःची भाषणं तुटू नयेत म्हणून लावायला लावलेलं. मागे सहा नंबरच्या गाडीत मर्ल आपलं बटण बडवत होती, आणि सेट तिला टूं टूं करून गप्प बसवत होता. हे तिने नंतर कबूल केलं.

ग्लेनिसचा अंगठा बटणावर घट्ट बसला. कोणी मदत करू शकत नव्हतं. कोणी वाक्य पळवू शकत नव्हतं. सात गाड्या, बारा माणसं आणि एक कुत्रा, सगळे तिच्या ग ची वाट बघत बसले होते, आणि बसू देत! तिने घाई केली नाही. ग आला. 'ग्लेनिस' आलं. मग ट. ट ला आणखी वेळ लागला. तिने तो घेतला.

"ट्... ट्रेझीज. तयार."

तिने बटण सोडलं.

"त्रेपन्न सेकंद," क्लेमचा आवाज आला. त्याने घड्याळ लावलं होतं. "ग्लेनिस, तुझं कौतुक आहे. मनापासून. पण रस्त्यावर काही घडलं तर त्रेपन्न सेकंद कोणाकडे असतात? मला वाटतं, सगळ्यांच्या भल्यासाठी आपण डेझमंडला..."

त्याने श्वास घ्यायला बटण सोडलं, आणि ग्लेनिसने आपलं दाबलं.

"तुझ्या क्... कॅरव्हानचा डावा ब्रेकचा द्... दिवा बंद आहे. किंबा गावापासून. तेव्हा स्... सांगायला रेडिओ नव्हता." ती थांबली. अंगठा काढला नाही. पुढचं काही अडलं नव्हतं; ती मुद्दामच थांबली होती. मग म्हणाली, "त्... तीनशे किलोमीटर मी ब्... बघतेय."

"अशक्य," क्लेम म्हणाला. "मी स्वतः तपासलाय."

डेझमंड चार नंबरमधून उतरून पुढे चालत आला, क्लेमला ब्रेक दाबायला लावला, वाकून बघितलं, आणि 'बंद' अशी हाताने खूण केली. मग दिवा बघायला बाकीच्या गाड्यांतले पुरुष उतरले. अर्थातच.

"बल्ब गेला असणार."

"बल्ब नाही, अर्थिंग."

"माझ्या मेव्हण्याच्या..."

ग्लेनिस आपली पेटी घेऊन उतरली आणि त्यांच्यामधून सरळ वाट काढत गेली. खाऱ्या हवेने दिव्यामागची तार गंजून तुटली होती. नवं टोक, दोन दाब, पट्टी. सात मिनिटं. क्लेम शेजारी उभा होता, हात पाठीमागे, पण टाचांवर वरखाली होत नव्हता. दिवा लागला.

"आभारी आहे," तो म्हणाला. आणि मग, कारण हेडमास्तरला शेवटचा शब्द लागतोच: "हे बघ ग्लेनिस, डेझमंडचा विषय संपला. तूच चालव. पण पुढच्या हजेरीला नुसतं 'पाच' म्हटलंस तरी पुरे. मला समजेल. उगाच त्रास कशाला?"

"थ्... थांबलो की पुन्हा हजेरी," ग्लेनिस म्हणाली. "नियम त्... तुझाच."

क्लेमने ओठ आवळले. पण नियम खरंच त्याचाच होता. तो गाडीत जाऊन बसला आणि पहिल्यापासून सुरू झाला. एक. दोन. तीन. चार.

"नंबर पाच?"

तिने बटण दाबलं. नाव मघापेक्षा जराही सोपं झालं नव्हतं. उलट या खेपेला ट जास्तच हट्टाला पेटला. हायवेवर एक लांबलचक ट्रक धडधडत निघून गेला. पार्कातले गुलाबी काकाकुवा उडाले, फिरून परत येऊन बसले. ग्लेनिस काचेतून समोर बघत, माइक तोंडाशी धरून, अंगठ्याने बटण दाबून बसली होती. सातही इंजिनं जागच्या जागी घुरघुरत होती, आणि 'ट्रेझीज'चा शेवटचा ज पडेपर्यंत एकही चाक हललं नाही.