नानांच्या फोटोतले दाणे

नाना गेले, हे मला केळीच्या बागेत कळलं. फोनवर त्यांची लेक बोलत होती आणि मी मूर्खासारखा विचारत होतो, 'कॅमेरा कुठंय त्यांचा?' तीन आठवडे झाले, अजून नीट रडू आलेलं नाही... राग मात्र आलाय, आणि तो का आला ते सांगायलाच हे लिहितोय.

नाना धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर चोपड्याला माझ्या शेजारी राहायला आले. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, जड लेन्स झेपेना, म्हणून त्यांनी लांब पल्ल्याची पण हलकी लेन्स घेतली. तिच्यात उजेड कमी शिरतो. जंगलात फोटो काढणारी मंडळी हसायची, 'नाना, ही दुपारची लेन्स. संध्याकाळी घरी ठेवत जा.' नाना उसळायचे, 'बिबट्या काय माझ्या लेन्सला विचारून बाहेर पडतो? उजेड कमी तर कमी. फोटोत दाणे येतील, येऊ देत!' आणि फ्लॅशचं तर नाव काढायची सोय नव्हती. म्हणायचे, 'कोणाच्या घरात शिरून तोंडावर बॅटरी मारतो का आपण?'

दोन वर्षांपूर्वी माझ्याच बागेत बिबट्याची मादी शिरली. घड कापायला आलेले, आणि मजूर आत पाऊल टाकेनात. गावानं ठरवलं, फटाके लावून हाकलायची. मीही त्यात होतो, कबूल करतो. नाना म्हणाले, 'मला एक संध्याकाळ द्या.' बागेच्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली लावली, तिच्यात ते बसले. लपायला म्हणून केळीची पानं स्वतः कापली आणि तशीच अंगावर ओढून घेतली. अहो, ताज्या पानाचा चीक आधी गळू द्यावा लागतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक! शर्ट गेला, लेन्सवरही ओघळ आला. पण गडी हलला नाही. केळीत तर ऊन असतानाच अंधारून येतं. त्या अंधारात, दुखऱ्या खांद्यानं, श्वास रोखून त्यांनी एक फोटो काढला.

फोटोभर रवा सांडल्यासारखे दाणे. पारावर सगळ्यांना दाखवला तर कोणी म्हणालं, 'काय दिखस याम्हा? बठ्ठं धुरकट शे.' सगळंच धुरकट, यात दिसतंय काय, म्हणे. नानांनी मादीच्या मागच्या वाळक्या पानावर बोट ठेवलं. पानाखाली एक कान होता आणि अर्धा डोळा. माझ्या मजुरांची मुकादम अक्का पुढं आली, निरखून म्हणाली, 'पिल्लू शे व माय!' फटाके पिशवीतच राहिले. मी आठ दिवस कापणी थांबवली, काही घड झाडावरच पिकले. नवव्या दिवशी पहाटे ती पिल्लाला तोंडात धरून नाल्याकडे गेली.

गेल्या आठवड्यात नानांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. भरवणाऱ्यांनी तोच फोटो कम्प्युटरवर 'स्वच्छ' करून आणला. मादी कशी चकाचक! मागं बघतो तर वाळकं पान गुळगुळीत, आणि पिल्लू गायब. दाण्यांबरोबर तेही पुसलं गेलं होतं. माझं डोकंच फिरलं. ते म्हणाले, 'काका, लोकांना असलं दाणेदार आवडत नाही.' म्हटलं, 'न आवडू दे! ज्या फोटोनं ते पिल्लू वाचवलं, त्याच फोटोतून तुम्ही त्याला हाकललंत. लावायचा तर नानांनी काढला तसा लावा, नाहीतर भिंत रिकामी ठेवा.'

तसाच लागला. अक्का आली होती. त्या वाळक्या पानावर बोट ठेवून शेजारच्या बाईला दाखवत होती, आणि तेव्हा कुठं माझे डोळे भरून आले...

नानांच्या लेकीनं कॅमेऱ्यासकट लेन्स मला दिली. तिच्या पुढच्या कड्यावर चिकाचा काळा डाग आहे. परवा कॅमेऱ्याच्या दुकानातला म्हणाला, 'काका, निघेल हा, देऊ का साफ करून?' मी लेन्स त्याच्या हातातून काढून घेतली. हल्ली दिवस कलला की ती घेऊन बागेत जाऊन बसतो. मला काही येत नाही, फोटोत नुसते दाणे येतात. येऊ देत.