न खेळलेल्या सामन्याचे तीन गुण

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून माझी बिडीसुद्धा कधी लपली नाही.

गेल्या महिन्यात आरमोरीत आमच्या फुटबॉल क्लबची बैठक झाली. क्लबचा इतिहास छापायचाय, तो मी लिहावा असं ठरलं. ‘तुमच्याशिवाय कोनाले मालूम आहे जी?’ एक पोरगा म्हणाला. मग अध्यक्ष उठले : आपलं एकुलतं एक जिल्हा विजेतेपद मेहनतीचं होतं! टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येईस्तोवर मला माझ्याच हातांची किळस आली. मेहनत? कसली मेहनत?

ऐका — नाही, आधी नियम सांगतो, म्हणजे मला पळवाट उरणार नाही. आमची लीग पावसाळ्यातली, धानाची रोवणी आटोपली की सुरू. भामरागडकडचे रस्ते तेव्हा केव्हाही बंद पडत. म्हणून संघ पुरात अडकला आणि शिट्टीआधी निरोप आला, तर सामना पोळ्यानंतर. निरोप नाही आला, तर हजर संघाने रिकाम्या गोलात चेंडू मारायचा आणि तीन गुण घ्यायचे. निरोप घ्यायचा तो लीगच्या चिटणिसाने. त्या वर्षी चिटणीस मी — आणि आमच्या क्लबचा डावा बचावपटूही मीच. हे कुणाला काऊन खटकलं नाही? आजही राग येतो. पण काढू कुणावर? मलाही नव्हतंच खटकलं.

शेवटचा सामना भामरागड तालुक्यातल्या एका गावाशी. सगळी माडिया आदिवासी पोरं, निम्मी अनवाणी खेळणारी. गुणतक्त्यात ती आमच्यापेक्षा दोन गुणांनी पुढे. त्यांना बरोबरीही पुरे होती.

सकाळी मी मैदानावर चुन्याच्या रेषा मारत होतो. फोन वाजला. त्यांचा कप्तान, रैनू. ‘भाऊ, नाल्यावरून पानी जाऊन राह्यलं. आमची गाडी इकडंच अटकली. पंचाले सांगजा.’

‘सांगतो,’ म्हणालो.

आणि सांगितलं नाही. चुन्याचं डबडं उचललं आणि पुढची रेष मारली — सरळ मारली. दुपारी पंचाने विचारलं, काही निरोप? मी ‘नाही’ म्हणून मान हलवली. मग आमच्या एकाने रिकाम्या गोलात चेंडू घातला आणि आम्ही नाचलो. समोर कुणी नसताना नाचलो!

एवढ्यावर थांबलो असतो, तर नुसता लबाड ठरलो असतो. रस्ता उघडल्यावर रैनू लीगच्या बैठकीला आला. सगळ्यांसमोर म्हणाला, ‘भाऊ, म्या तुमालेच सांगतलं होतं ना?’

‘मले फोनच नाई आला.’

‘पानी पाहून भेले, अन् आता फोनचा बहाना!’ कुणीतरी हाणलं. सगळे हसले. एकानेही माझा फोन मागून पाहिला नाही. कशाला पाहील? मी शाळेतला मास्तर, तो जंगलातला माडिया. त्याला खोटा ठरवायला पुरावा लागला नाही, मला खरा ठरवायलाही नाही. हे मला ठाऊक होतं — त्याच भरवशावर तर मी बोललो होतो. रैनू उठून गेला.

न कळवता गैरहजर म्हणून त्यांच्यावर दोन हंगामांची बंदी आली. तो संघ पुन्हा उभा राहिला नाही. आणि आमच्या मैदानावर आजही कुणी उशिरा आला की पोरं ओरडतात, ‘काय बे, रैनू झाला का?’ ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही, ती पोरं! वेळेत निरोप देणाऱ्या माणसाचं नाव आम्ही शिवीसारखं वापरतो. आणि त्या हशात मीही हसलोय.

तरुण होतो, जिंकायची हाव होती — असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या थोबाडीत देईन. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी तेव्हा छड्या मारत होतो.

इतिहास लिहून दिलाय. त्या वर्षीच्या तक्त्यात वरचं नाव त्यांचं घातलं, खाली कारणही. कमिटीतून फोन येत आहेत — ‘सर, छापायच्या आधी एकदा बसू ना.’ बसणार नाही.

रैनू अजून त्याच गावात राहतो. नाल्यावर उंच पूल होऊन बरीच वर्षं झाली. भर पावसातही एसटी जाते. मी एकदाही गेलेलो नाही.