फ्यूगच्या आधीच्या टाळ्या

“नुसतं दार उघडायचं आणि माणसाला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं का?” मावशी एकदा माझ्या बाबांना म्हणाली होती.

विषय पियानोचा होता. गेल्या शतकात, दुसऱ्या महायुद्धानंतर लिहिलेली चोवीस जोड्यांची एक मालिका. प्रत्येक जोडीत आधी छोटा प्रेल्यूड, म्हणजे नांदीसारखा तुकडा, मग फ्यूग, ज्यात एकच धून वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात आणि एकमेकांत गुंफतात. मावशी नाचाच्या वर्गात दिवसभर तेच ते ठेके वाजवून पोट भरायची आणि वर्ग सुटला की ही मालिका घोटत बसायची. आता तिच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर होत चालली होती. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. लोकांसमोर एकदा वाजवायचं, तर ते याच हिवाळ्यात.

बाबा संगीतशाळा चालवायचे. सभागृह त्यांच्या हातात.

“मेहुणीबाई, फ्यूग कशाला? लोक घोरतील. प्रेल्यूडच वाजव, गोड वाटतात.”

“मग भाऊजी, तुम्हीही भाषण ‘सभ्य स्त्री-पुरुषहो’वरच संपवत जा. लोक दुवा देतील.”

बाबा हसले. “बरं बाई, दोन्ही वाजव.”

कार्यक्रमाच्या संध्याकाळी बाबांनी लोकांपुढे केलेलं सुरुवातीचं भाषण आम्हाला आतल्या खोलीत ऐकू आलं नाही; ते संपल्यावर मी पानं उलटायला तिच्याशेजारी बसले. पहिला प्रेल्यूड संपला आणि टाळ्या कोसळल्या. मावशीचे हात अजून पट्ट्यांवरच होते. शेवटचा सूर विरता विरता त्यातूनच फ्यूग निघायचा होता. तो सूर टाळ्यांत बुडाला.

तिने तरी सुरू केलं. डाव्या हातात एकच आवाज, एकटा. मागे कुणीतरी म्हणालं, “दुसरा हात घरी विसरल्या वाटतं.” खसखस पिकली. दुसरा आवाज आला, पहिल्याचंच म्हणणं आपल्या परीने मांडू लागला. तिसऱ्याची पाळी त्या दोन बोटांची. बोटं पट्ट्यांवर टेकली, पण सूर उमटला नाही. तिसऱ्याची जागा मोकळी ठेवून ती थोडी पुढे गेली. मग हात थांबले.

बाबा लगबगीने आले, तिच्या कानाशी वाकले. “पुढचा प्रेल्यूड घे. कुणाच्या काही लक्षात आलेलं नाही.” आणि लोकांकडे वळून मोठ्याने, “मी सुरुवातीलाच सांगितलं होतं ना, आज फक्त प्रेल्यूड! आमच्या मेहुणीबाईंना राहवत नाही!”

लोक मनापासून हसले. टाळ्याही पडल्या.

मावशीने बाबांकडे पाहिलं, बराच वेळ. मग पियानोचं झाकण हळूच खाली आणलं, उठली, खुर्च्यांच्या रांगांमधून चालत गेली आणि बाहेर पडली.