दलालाची पाठ

देवासात भाड्याचं रो-हाउस दाखवणारा तो दलाल पहिल्या भेटीतच माझ्या डोक्यात गेला. काळा शर्ट, कानात अत्तराचा फाया, आणि ऐट अशी की जणू राजवाडाच दाखवतोय. आत शिरताच तो पुढच्या खोलीतल्या एका भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि तिथूनच हात नाचवत त्याने किचन, जिना, मोरी सगळं दाखवलं. फोन वाजला म्हणून वळला, तर पाठभर चुना! मागची भिंत ओलीगच्च.

"भिया, ही सीलन नाही हो," लाज नावाला नाही, "ठंडक आहे. गर्मीत माझी याद काढाल."

असल्या माणसाला दारात उभं करू नये. पण मी नववीतून शाळा सोडून साताऱ्याहून इथल्या कारखान्यात आलेला, चौघांच्या खोलीत राहणारा. रविवारी बायको तान्ह्या लेकीला घेऊन येणार होती, आणि लेकरू आहे म्हटल्यावर बाकीचे घरमालक नाही म्हणाले होते. याने किल्ली दिली. मी त्याच्या पाया पडायचाच बाकी राहिलो.

रविवारी बायको घर बघून हरखली. "तुम्ही तिथेच का उभे? इकडे या ना."

माझी पाठ गार पडली होती.

"ठंडक आहे इथे," मी म्हणालो.