मामाचं प्लास्टिकचं तळं

पावसाळ्याआधी आमच्या डोंबिवलीच्या चाळीत पत्र्यांवर नवी ताडपत्री चढते. उन्हात तापलेल्या त्या प्लास्टिकचा वास आला की मला मामाचं शेततळं आठवतं आणि डोकंच फिरतं. कल्याणपलीकडच्या गावात मामाच्या भातशेतीत जुनं मातीचं तळं होतं. त्यातलं पाणी झिरपून खालच्या विहिरीत उतरायचं आणि त्या विहिरीवर मामीची भेंडी नि अख्खी वाडी जगायची. तळं गाळाने भरलं म्हणून मामा सरकारी योजनेत गेला. गाळ निघाला, पण ठाण्याहून आलेले साहेब म्हणाले, "योजनेत बसायचं तर प्लास्टिक अंथरावंच लागेल. थेंबभरही पाणी मुरायला नको." अंथरलं! पुढच्या उन्हाळ्यात तळ्यात पाणी आणि विहीर कोरडीठाक. साहेब पाहणीला आले तशी मामी रिकामी कळशी घेऊनच समोर उभी राहिली. "सायेब, इहीर आटली ना आमची!" तळ्याचे फोटो काढता काढता साहेब म्हणाले, "अहो मावशी, पाणी मुरवायची योजना वेगळी, ही साठवायची. प्लास्टिकला हात लावू नका. विहिरीत पाणी हवं तर पंप लावून सोडा की!" जे पाणी आपलं आपण विहिरीत उतरायचं, ते मामा आजही डिझेल जाळून उतरवतोय.