धुक्यातली शिट्टी

…तर शवपेटी खांद्यावर, पुढे पाद्री, मागे विधवा, आणि आमचा मेदार्दो हात वर करून म्हणतोय, "थांबा, उंच माणसं मागे हवीत." इथपर्यंत काल आलो होतो. आता पुढचं ऐका. खांदेकरी थांबले. त्यांना वाटलं, काहीतरी विधी राहिला. मेदार्दोने दोघा लंबूंना मागे घेतलं, दोघा बुटक्यांना पुढे टाकलं, एकाचा खांदा बदलला, आणि मगच "चला" म्हणाला. स्मशानाचा रस्ता चढणीचा. पेटी अशी सपाट गेली की वर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. विधवा नंतर माझ्या बायकोला म्हणाली, जिवंतपणी माझ्या नवऱ्याला इतकं नीट कुणी सांभाळलं नव्हतं.

हसू नका. माणूस तेव्हा दुःखात होता. मयताच्या नव्हे, स्वतःच्या. दोन महिन्यांपूर्वी त्याला आमच्या गावच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदावरून काढलं होतं, आणि ज्याच्या हाताखाली अकरा माणसं नाहीत असा मेदार्दो म्हणजे चाक निखळलेली गाडी. दिसेल त्याला जागेवर लावत सुटायचा. बेकरीतली रांग लावायचा. बारमध्ये पत्ते खेळताना मी कुठला पत्ता टाकायचा ते तोच सांगायचा. घरी आर्जिया, म्हणजे त्याची बायको, त्याला एका सकाळी तीनदा पाव आणायला धाडायची. पाव हवा म्हणून नव्हे, तो घरात नको म्हणून.

काढलं जाणं त्याला नवं नव्हतं. उत्तरेच्या डोंगरापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत त्याने किती गावांत प्रशिक्षकाच्या बाकड्यांसमोर येरझाऱ्या घातल्या याची मोजदाद आर्जियाकडेसुद्धा नव्हती. बाकड्यांसमोर म्हणतो, कारण बाकड्यावर तो कधी बसलाच नाही. एका गावात हॉटेलात संघाबरोबर जेवताना तार आली. त्याने ती वाचली, ताटातला मासा संपवला आणि मग उठला. दुसऱ्या गावी तर त्याला न घेताच बस निघून गेली, आणि आपण आता प्रशिक्षक नाही हे त्याला पेट्रोल पंपावरच्या रेडिओवरून कळलं. पंपवाल्याने त्याला ओळखलं आणि काच फुकट पुसून दिली.

आमच्याकडे एक रीत आहे. काढलेल्या माणसाचा पगार उन्हाळ्यापर्यंत चालू राहतो, पण त्या मोसमात त्याला दुसरा संघ घेता येत नाही. आणि नवा माणूस चालला नाही तर अध्यक्ष जुन्यालाच परत बोलावतो, पगार तर जातोच आहे म्हणून. त्यामुळे काढलेला माणूस घरी बसतो तो फोनकडे कान लावून. आर्जिया घरच्या फोनवर उशी ठेवते, असं मेदार्दो सगळ्यांना सांगायचा. ती म्हणायची, "उशी ठेवते ती तो सारखा उचलून बघतो म्हणून. चालू आहे का, चालू आहे का."

या वेळी मात्र कान जरा जास्तच ताणलेले. सत्तरीला टेकला होता. गुडघा जायबंदी. इथून गेलं की पुन्हा कुणी बोलावणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. आमचं बाकडं त्याचं शेवटचं.

आणि त्या बाकड्यावर आता कोण, तर लोरिस. मेदार्दोच्याच संघात हा पोरगा बचावात मधोमध खेळायचा. मेदार्दोने त्याला हाताला धरून शिकवलेला. लोरिस त्याला अजूनही, खेळाडू प्रशिक्षकाला म्हणतात तसं, "मिस्टर" म्हणायचा आणि रस्त्यात दिसला की टोपी काढायचा. मेदार्दो त्याच्यावर रागवू शकत नव्हता, हीच त्याची पंचाईत.

आता शिट्टीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेदार्दो दोन बोटं तोंडात घालून एक शिट्टी वाजवायचा. वर चढत जाणारी, मध्येच तुटणारी. ती ऐकली की त्याच्या बचावातले चौघे एका दमात पुढे धावायचे, विरोधी खेळाडू त्यांच्या मागे एकटा उरायचा आणि ऑफसाइड ठरायचा. दक्षिणेत एकदा पंचाने त्याला मैदानाबाहेर हाकललं. हा शेजारच्या घराच्या गच्चीवर चढला आणि वाळत घातलेल्या चादरींआडून शिट्ट्या वाजवू लागला. पोलीस आले. घरवालीने त्यांना कॉफी पाजली आणि सांगितलं, माझा मुलगा कबुतरं उडवतोय. मुलगा म्हणजे हा, पन्नाशीचा.

मार्च आला आणि संघ खाली घसरत घसरत तळाशी आला. आमचे अध्यक्ष मोंतानारी, वीटभट्टीवाले, बारमध्ये सगळ्यांदेखत बोलून गेले की रविवारी हरलो तर लोरिस घरी, म्हातारा परत. म्हणजे बघा, संघ हरण्यात मेदार्दोचा फायदा. ही गोष्ट गावातल्या कुत्र्यांनासुद्धा कळली. म्हणूनच तो सबंध हिवाळा मैदानाकडे फिरकला नव्हता. काढलेला माणूस सामना बघायला आला तर आम्ही त्याला घुबड म्हणतो. तो तिथे बसून स्वतःच्याच जुन्या संघाचं वाईट चिंततो असं धरून चालतात. त्याने आर्जियाला शब्द दिला होता की मैदानाची पायरी चढणार नाही.

रविवारी धुकं असं की स्वतःचे बूट चाचपून घालावेत. पंचाने मैदानाच्या मध्यावर उभं राहून सांगितलं, दोन्ही गोल दिसतात. त्याला कुठले दिसले देव जाणे, पण सामना सुरू झाला. मी सायकल ढकलत कालव्याच्या बांधावरून येत होतो, आमच्या गोलच्या मागच्या बाजूने, तर समोर धुक्यात कुणीतरी ये-जा करतंय. मेदार्दो.

तो म्हणाला, "देल्मो, मी तंबाखू आणायला निघालो होतो."

मी म्हटलं, तंबाखूचं दुकान गावात आहे, इथे बेडूक आहेत.

"पायरी चढायची नाही असा शब्द आहे. बांधाला पायरी नाही." आणि परत चालू लागला.

दिसत काहीच नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. चेंडूचा धप्प आवाज, चिखलातल्या बुटांची फचफच, लोरिसची आरोळी. अर्धा सामना होत आला, कुणाचाच गोल नाही. मेदार्दो दहा पावलं इकडे, दहा तिकडे, मान वाकडी करून, आजारी माणसाची छाती तपासावी तसा ऐकत होता. "खाली बसलेत," पुटपुटायचा. "फार खाली बसलेत. ऐक ना, आपल्या गोलरक्षकाचा श्वास आणि बचावातल्यांचे बूट एकाच जागेवरून येतायत." मला दोन्हींतलं काही ऐकू येत नव्हतं. मी त्याची बाही धरली, म्हटलं चल, खरंच तंबाखू आणू. चालायला लागलाही. तेवढ्यात पलीकडून एक लांब चेंडू मारल्याचा आवाज आला. मेदार्दो वळला. त्याचा हात वर गेला आणि मी बाही ओढायच्या आत शिट्टी वाजली.

धुक्यात ती शिट्टी अशी गेली की मलाच पुढे धावावंसं वाटलं.

तीन वर्षांची सवय. बचावातले तिघे क्षणात पुढे धावले. चौथा धावला नाही. चौथा होता रोक्को, डाव्या बाजूचा, जानेवारीत दक्षिणेतून विकत आणलेला. मेदार्दोला काढल्यानंतर आलेल्या त्या पोराने ही शिट्टी जन्मात ऐकली नव्हती. तो बिचारा आपल्या जागी उभा राहिला, त्यामुळे ऑफसाइड झालाच नाही. विरोधी खेळाडू एकटाच गोलरक्षकासमोर. जाळ्याचा आवाज बांधावरूनही आला.

मेदार्दोने बोटं तोंडातून काढली आणि त्यांच्याकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाची आहेत.

सामना तसाच संपला. एक-शून्य, हरलो.

संध्याकाळी बारमध्ये मेदार्दोच्या खुर्चीवर कुणी बसेना आणि त्याच्याबद्दल बोलणंही कुणी सोडेना. शिट्टी कुणाची हे सगळ्यांनी ओळखलं होतं. न्हावी म्हणाला, शेवटच्या बाकड्यासाठी मी माझा भाऊ विकला असता, यानं तर नुसती शिट्टी वाजवली. मी सांगत होतो की मी तिथे होतो, हात आपोआप गेला. न्हावी म्हणाला, "देल्मो, तुझा हातही आपोआपच पेल्याकडे जातो, पण पितोस तूच ना?" सोमवारी सकाळी मेदार्दोच्या फाटकावर खडूने काढलेलं घुबड होतं. चांगलं काढलं होतं, डोळे विशेष. आर्जिया ओल्या फडक्याने पुसत होती तेव्हा मी पोचलो.

आत स्वयंपाकघरात लोरिस उभा. टेबलावर त्याने परत करायला आणलेल्या, कपडे बदलायच्या खोलीच्या किल्ल्या. टोपी हातात. त्याला एकच विचारायचं होतं.

"मिस्टर, मुद्दाम वाजवलीत का?"

मेदार्दो चुलीपासून खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला. नाही म्हणावं तर भित्रा वाटावा आणि हो तर खोटंच, असं काहीसं त्याच्या तोंडावर दिसत होतं. आर्जियाने लोरिससमोर सूपची वाटी ठेवली, त्याने हात लावला नाही. तेवढ्यात बाहेर मोटारीचं दार वाजलं आणि अध्यक्ष मोंतानारी आत आले, हातात वाइनची बाटली, लोरिसला बघून जरा चपापले, पण भट्टीवाला माणूस, गरम विटेलाही हात घालणारा.

म्हणाले, उद्यापासून बाकडं तुझं. मग मेदार्दोची पाठ थोपटली. "लबाड आहेस म्हाताऱ्या. मला काही वाईट वाटलं नाही हं. जिंकायचं असेल तर असाच माणूस हवा."

एवढ्यासाठी हा माणूस चार महिने फोनची उशी उचलून बघत होता. मी आर्जियाकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे बघत नव्हती; त्याच्या बुटांकडे बघत होती, कुठे थांबतात ते.

बूट थांबले नाहीत. मेदार्दोने किल्ल्या उचलल्या, खिडकीपर्यंत नेल्या, परत आणल्या, लोरिसच्या टोपीत टाकल्या आणि चालता चालताच म्हणाला:

"मुद्दाम नाही वाजवली, पण वाजवली मी, तेव्हा तो गोल माझा, लोरिसचा नाही, आणि बाकडं त्याचंच राहील. आणि लोरिस, तुझे चौघे फार खाली बसतात. त्या रोक्कोला उद्या बांधावर पाठव, शिट्टी ओळखायला शिकवतो, म्हणजे पुढच्या रविवारी माझ्याकडून परत वाजली तर निदान गोल तरी होणार नाही."